गुंगी कुणाच्या सोयीची?

आमच्याकडे मोहोळच्या शिवारात उसाला रात्रपाळीची लाईट असली की आबांचा एक कान झोपेतही स्टार्टरच्या पेटीकडे असायचा. तिन्ही फेजचे दिवे लागले की उठायचं, मोटर चालू करायची, बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला जायचं. चाळीस वर्षं हा क्रम चालला. मग बायपास झाली. दुसऱ्या रात्री अतिदक्षता विभागात त्यांच्या उशाशी मॉनिटरचे हिरवे, पिवळे, तांबडे दिवे लुकलुकत होते आणि आबा उठून बसायला बघत होते. "लाईट आलीया, मोटर चालू करा," असं समोर दिसेल त्याला सांगत होते. छातीतून निघालेल्या नळ्या, मानेतली सुई, लघवीची पिशवी, यातलं काही त्यांच्या ध्यानात नव्हतं. पाणी वाया चाललंय, एवढं एकच त्यांना कळत होतं.

त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांनी कॉटला बांधले आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं. सकाळी भेटीच्या वेळेत आम्हाला सांगण्यात आलं, "रात्री जरा त्रास दिला, आता शांत आहेत." आम्ही समाधानानं मान डोलावली. आबा पुढचे दोन दिवस शांतच होते. हाक मारली तर डोळे उघडायचे, पुन्हा मिटायचे. आईला त्यांनी ओळखलं की नाही, हे आईलाही सांगता येईना.

ते रुग्णालय कोणतं, हे सांगण्याची गरज नाही. आबांचं हृदय तिथं उत्तम दुरुस्त झालं आणि आज ते बांधावर चालतात, याबद्दल मी त्या सर्जनांचा ऋणी आहे. पण डिस्चार्जनंतर मी केस पेपरच्या झेरॉक्स काढल्या, एका भूलतज्ज्ञ मित्राला सोबत बसवून त्या वाचल्या आणि तेव्हापासून 'शांत' या शब्दाकडे मला पूर्वीसारखं पाहता येत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कोणत्या औषधानं, किती आणि किती वेळ गुंगीत ठेवायचं, हा निर्णय फार मोठा असतो. तो रुग्णाच्या गरजेवर ठरायला हवा. आपल्याकडे तो पुष्कळदा व्यवस्थेच्या सोयीवर ठरतो. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे, पण ते नीट म्हणायचं आहे.

आधी गुंगी लागते कशाला, ते पाहू. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड उभं कापतात. बहुतेक वेळा हृदय थांबवून रक्ताभिसरण यंत्राकडे सोपवतात आणि पायातली किंवा छातीतली रक्तवाहिनी घेऊन अडलेल्या धमनीला वळसा देतात. शस्त्रक्रिया संपली तरी रुग्णाला लगेच उठवत नाहीत. अंग गार पडलेलं असतं, ते तापावं लागतं. रक्तस्राव थांबला आहे ना, हृदय स्वतःच्या जोरावर चालतंय ना, हे पाहावं लागतं. तोवर घशात नळी आणि नळीला व्हेंटिलेटर. शुद्धीवरच्या माणसाला घशातली नळी सोसत नाही. तो धडपडला तर रक्तदाब उसळतो आणि ताज्या टाक्यांवर ताण येतो. म्हणून पहिले काही तास गुंगी हवीच. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यानंतरच्या तासांचा.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९६९ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मॉर्फीनच्या मोठ्या डोसची भूल मांडली. अशक्त हृदयालाही ती पेलायची, म्हणून ती जगभर गेली. पुढं मॉर्फीनच्या जागी फेंटानिल आलं, तरी रीत तीच राहिली. रुग्ण रात्रभर आणि पुष्कळदा दुसरा दिवसभर व्हेंटिलेटरवर झोपलेला असे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ते दिवसच जीव वाचला हेच पुष्कळ, असे होते. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मुंबईच्या केईएममध्ये १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. जगातल्या पहिल्या आरोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्यांचा रुग्ण काही तासच जगला. त्या काळात रुग्ण कसा जागा होतो, याचा विचार करायला सवड कुणाला होती? आज बायपास नेहमीची झाली आहे. साध्या रुग्णाची नळी सहा तासांच्या आत काढावी, हे उद्दिष्ट जगभर मानलं जातं. जीव वाचवण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, तेव्हा जागं होण्याचा प्रश्न पुढं आला.

या जागं होण्याच्या वाटेवर प्रामुख्यानं तीन औषधं भेटतात. पहिलं मिडाझोलाम. झोपेच्या गोळ्यांच्या कुळातलं, १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीच्या प्रयोगशाळांत जन्मलेलं. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, रक्तदाब तुलनेनं कमी पाडणारं. आठवण पुसण्याचा त्याचा गुण शस्त्रक्रियेआधी फार उपयोगी पडतो. खोट अशी, की ते चरबीत मुरतं. यकृत त्याचं जे रूपांतर करतं तेही गुंगी आणणारं असतं आणि मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर ते अंगात साचत राहतं. सत्तरीच्या, मधुमेही, क्रिएटिनीन वाढलेल्या माणसाला रात्रभर थेंब थेंब दिलं, तर सकाळी पंप बंद केला म्हणून गुंगी उतरत नाही. उसाचं पाणी बंद केलं तरी रान चार दिवस ओलं राहतं, तसं ते आहे.

दुसरं प्रोपोफोल. दुधासारखं पांढरं, सोयाबीनच्या तेलात घोळलेलं. लवकर चढतं आणि लवकर उतरतं. थोड्या तासांच्या वापरानंतर पंप बंद केला, की बहुतेक रुग्ण काही मिनिटांतच डोळे उघडतात. पण ते रक्तदाब पाडतं. हृदयाचा जोरच कमी असेल, तर ते हात राखून वापरावं लागतं. शिवाय तेलामुळं त्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही, म्हणून बाटली आणि नळी बारा तासांत बदलावी लागते.

तिसरं डेक्समेडेटोमिडीन. अमेरिकेत अतिदक्षता विभागासाठी त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. त्याची जात वेगळी. मेंदूच्या बुंध्यात निळसर ठिपक्याएवढं एक केंद्र आहे, तिथून मेंदूला 'जागा राहा' असा निरोप जात असतो. हे औषध तो निरोप थोपवतं. त्यामुळं येणारी झोप नैसर्गिक झोपेच्या बरीच जवळची असते. हाक मारली तर रुग्ण उठतो, हात हलवतो, पुन्हा झोपतो. श्वास दडपला जात नाही, म्हणून नळी काढतानाही ते चालू ठेवता येतं. खोट अशी, की नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. ज्याच्या हृदयाचे ठोके शस्त्रक्रियेनंतर आधीच मंद आहेत, त्याच्यासाठी हे औषध काळजीचं ठरतं.

आता आबांच्या 'त्रासा'कडे येऊ. आमच्या बोलीत तापात बरळणाऱ्या माणसाला 'वात झालाय' म्हणतात, जुन्या वैद्यांच्या भाषेत तो सन्निपात, आजचे डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. नाव कोणतंही घ्या, मेंदूचं हे तात्पुरतं निकामी होणं आहे, जसं शस्त्रक्रियेनंतर कधी मूत्रपिंड निकामी होतं. वय, आधीच कमी झालेली स्मरणशक्ती, ऐकू न येणं, वेदना, झोपमोड, जंतुसंसर्ग, हृदय-फुप्फुस यंत्रावर गेलेला वेळ, अशा अनेक गोष्टी त्याला कारण होतात. अमेरिकेत साठ वर्षांवरच्या २२५ हृदयरुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४६ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हा भ्रम झाला होता. ज्यांना तो झाला त्यांची बुद्धी एका महिन्यानंतरही इतरांपेक्षा मागं होती आणि कित्येकांची वर्षभरात पूर्वपदाला आली नाही. म्हणजे 'वयामुळं होतं असं, जाईल आपोआप' हे म्हणणं अर्धंच खरं आहे.

या भ्रमाची दोन रूपं असतात. एक आरडाओरडा करणारं, नळ्या ओढणारं. दुसरं गप्प पडून राहणारं, भिंतीकडे बघत बसणारं. पहिल्यावर सगळे धावतात, दुसऱ्याला 'शांत' म्हणतात. आबांचं पहिल्या रूपातून दुसऱ्यात जाणं आम्ही सुधारणा समजलो. केस पेपरवर मात्र वेगळं चित्र होतं. पहिली रात्र व्हेंटिलेटरवर असताना मिडाझोलामचा पंप, दुसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली, रात्री भ्रम झाल्यावर पुन्हा मिडाझोलाम. ज्या औषधानं भ्रमाला हात दिला असण्याचा संशय, तेच भ्रमावर उतारा म्हणून आलं. मी डॉक्टर नाही. त्याच औषधानं आबांना भ्रम झाला, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण गेल्या वीस वर्षांचं संशोधन या संशयाच्या बाजूनं आहे.

२००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या ३७५ रुग्णांत मिडाझोलाम आणि डेक्समेडेटोमिडीन यांची तुलना झाली. भ्रमाचं प्रमाण पहिल्या गटात ७६.६ टक्के होतं, दुसऱ्यात ५४. टोरांटोत साठीच्या पुढच्या १८३ हृदयरुग्णांत प्रोपोफोल आणि डेक्समेडेटोमिडीन यांची तुलना होऊन २०१६ मध्ये निष्कर्ष आले. भ्रम प्रोपोफोल गटात ३१.५ टक्के, दुसऱ्यात १७.५. अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१८ च्या मार्गदर्शिकेत हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी मिडाझोलामच्या कुळापेक्षा प्रोपोफोल बरं, असं वेगळं नमूद केलं. गुंगी हलकी ठेवा, हे त्या मार्गदर्शिकेचं मुख्य सूत्र होतं.

इथं थांबलो असतो, तर माझा लेख सोपा झाला असता. जुनं औषध टाका, नवं आणा, एवढंच मागितलं असतं. पण पुढचा पुरावा तसं मागू देत नाही. अमेरिकेतलं क्लीव्हलँड क्लिनिक म्हणजे जिथं १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास रूढ केली, ती जागा. तिथल्याच संशोधकांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या ७९८ रुग्णांवर डेक्समेडेटोमिडीनची कसून परीक्षा घेतली. २०२० मध्ये निकाल आला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना साधं सलाईन. भ्रम औषध घेणाऱ्यांत १७ टक्के, सलाईनवाल्यांत १२. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण औषधानं भ्रम टळला असं कुणालाच म्हणता येईना, उलट रक्तदाब पडण्याचा त्रास दिसला. शस्त्रक्रियेदरम्यानच्या भुलीतून मिडाझोलामचं कूळ सरसकट वगळल्यानं भ्रम घटतो का, याची पाहणी उत्तर अमेरिकेतल्या सुमारे वीस हजार रुग्णांत झाली. तिथंही ठळक फरक मिळाला नाही.

हे निकाल एकमेकांवर आदळतात असं वरवर वाटतं. माझ्या मते ते एकच गोष्ट सांगतात. ज्याला गुंगीची गरज आहे त्याच्यासाठी कमी वाईट औषध निवडल्यानं फायदा होतो. पण भ्रम टाळण्याचं रामबाण औषध म्हणून कुणालाही काही टोचल्यानं फायदा होत नाही. शल्यगृहातला एक डोस आणि रात्रभर चालणारा पंप, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. औषधाच्या नावापेक्षा किती, किती वेळ आणि कशासाठी हे तीन प्रश्न जड आहेत. शिकागोच्या डॉक्टरांनी २००० साली हे फार साध्या रीतीनं दाखवलं होतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची गुंगी त्यांनी रोज सकाळी थांबवली आणि रुग्ण जागा होतो का ते पाहिलं. त्यांचे रुग्ण साधारण ४.९ दिवसांत व्हेंटिलेटरवरून निघाले, नेहमीच्या पद्धतीतले ७.३ दिवसांत. रोज एकदा थांबून बघणं, हाच काय तो इलाज होता.

मग हे सगळीकडे का होत नाही? याचं उत्तर औषधाच्या कपाटात सापडणार नाही. हलक्या गुंगीतला रुग्ण हलतो, खुणा करतो, पाणी मागतो, घाबरतो. त्याच्याजवळ माणूस लागतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका हवी, असं भारतीय अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेचे निकष सांगतात. रात्री तीन वाजता एकच परिचारिका तीन-चार कॉट सांभाळत असेल, तर तिनं काय करावं? एक नळी उपसली गेली तर जाब तिलाच विचारला जाणार. अशा वेळी ती पंपाचा वेग वाढवते, पट्ट्या बांधते. मी तिला दोष देऊ शकत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण त्या क्षणी गुंगीचं औषध रुग्णासाठी दिलेलं नसतं, हजर नसलेल्या दुसऱ्या परिचारिकेच्या जागी दिलेलं असतं. हे आपण उघड बोललं पाहिजे. पदं रिकामी ठेवून वाचवलेला पगार आपण रुग्णाच्या मेंदूतून वसूल करतो आहोत.

पैशाचा मुद्दा आमच्या भागात दुसऱ्या वाटेनंही येतो. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. पुढं ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावानं चालू राहिली. या योजनेचं मोल मोहोळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. जमीन गहाण टाकल्याशिवाय बायपास होऊ शकते, हे आमच्या तालुक्यानं तिच्यामुळं पाहिलं. पण योजनेत शस्त्रक्रियेला ठराविक रक्कम मिळते आणि औषधं, तपासण्या, कॉटचं भाडं सगळं त्यातच बसवावं लागतं. मग स्वस्त कुपीकडे हात जाणं साहजिक आहे. हिशेब मात्र कुपीपाशी संपत नाही. रुग्ण एक दिवस जास्त व्हेंटिलेटरवर राहिला, त्याला न्यूमोनिया झाला, तो दोन दिवस उशिरा चालायला लागला, तर कुपीत वाचवलेले पैसे कुठल्या कुठं जातात. योजनेच्या यादीत हृदयशस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवणाऱ्या रुग्णालयाला किती व्हेंटिलेटर आहेत हे विचारतात, तसंच गुंगीची पातळी दर चार तासांनी लिहिली जाते का आणि भ्रमाची रोज तपासणी होते का, हेही विचारायला हवं. या दोन नोंदींना फक्त कागद आणि पेन लागतं.

गुंगी मोजण्याची पट्टी २००२ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहरात तयार झाली. अधिक चार म्हणजे मारामारीवर आलेला, शून्य म्हणजे जागा आणि शांत, उणे पाच म्हणजे हलवूनही न उठणारा. 'पेशंट शांत आहे' या वाक्यात शून्यही बसतो आणि उणे चारही बसतो. आकडा लिहिला की ही पळवाट बंद होते. आबांच्या केस पेपरवर एकही आकडा नव्हता. 'शांत' हा शब्द चार वेळा होता.

भ्रम ओळखायच्या चाचणीचं मात्र नुसतं भाषांतर चालणार नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मांडलेली एक चाचणी आज जगभर चालते. तिच्यात इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचायची आणि 'ए' ऐकू आला की रुग्णानं हात दाबायचा. मग काही साधे प्रश्न. त्यातला एक, दगड पाण्यावर तरंगतो का? हा प्रश्न मोहोळच्या माणसाला विचारून पाहा. पंढरपूर इथून चाळीसेक किलोमीटरवर. ज्यानं लहानपणापासून कीर्तनात सेतूचे दगड तरंगताना आणि इंद्रायणीतून गाथा वर येताना ऐकल्या, तो पूर्ण शुद्धीत असतानाही 'व्हय, तरंगतो की' म्हणेल, आणि त्याच्या मनात तो बरोबरच असेल. कागदावर मात्र त्याचं उत्तर चुकीचं धरलं जाईल. शिवाय सोलापूरच्या वॉर्डात एका कॉटवर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू, तिसऱ्यावर कानडी, चौथ्यावर उर्दू बोलणारा रुग्ण असतो. माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे त्याच्या भाषेत विचारल्याशिवाय कळत नाही. इथल्या परिचारिकांनी आणि भूलतज्ज्ञांनी बसून इथले प्रश्न ठरवले पाहिजेत. म्हैस अंडी देते का, दोन किलो जास्त की एक किलो, असे. मग ते तपासून, पक्के करून वापरले पाहिजेत.

जबाबदारी फक्त दवाखान्याची आहे, असं मला म्हणायचं नाही. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी विचारतात, दारू घेता का? आणि आपण घरचे, मुलांसमोर, सुनांसमोर, ठासून 'नाही' सांगतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, झटकेही येऊ शकतात. त्या भ्रमावर मिडाझोलामच्या कुळातली औषधंच योग्य ठरतात, म्हणजे इथं निवड नेमकी उलटी होते. आपल्या एका खोट्या 'नाही'मुळं डॉक्टर चुकीची वाट धरू शकतात. तंबाखूचं तसंच. चाळीस वर्षांची मळणी एका रात्रीत थांबते तेव्हा माणूस कासावीस होतो. बायकांच्या मशेरीबद्दल तर कुणी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. झोपेची गोळी कधीपासून चालू आहे, गेल्या वर्षी म्हातारा गावातच वाट चुकला होता का, कानानं कमी ऐकतो का, हे सगळं त्या एका कागदावर यायला हवं.

आणि वेदना. कापलेलं छातीचं हाड प्रत्येक खोकल्याला दुखतं. नळी घशात असल्यानं माणसाला सांगता येत नाही, तो फक्त तळमळतो. तळमळीवर गुंगी दिली तर तळमळ दिसेनाशी होते, दुखणं तिथंच राहतं. म्हणून आधी वेदनाशामक, मग लागलीच तर गुंगी, हा क्रम आता मान्य झाला आहे. आमच्या लोकांची अडचण अशी, की ते दुखतं असं म्हणतच नाहीत. आबांना विचारलं तर 'काय न्हाय, बरं हाय' हेच उत्तर. बैलानं पाय चिरडला तेव्हाही ते हेच म्हणाले होते. अशा माणसाच्या कपाळावरच्या आठीकडे आणि आवळलेल्या मुठीकडे बघावं लागतं.

खोल गुंगीच्या बाजूनं जे बोललं जातं ते मी ऐकलं आहे, आणि त्यात तथ्य आहे. छाती पुन्हा उघडावी लागेल अशी शंका असलेला, रक्तस्राव न थांबलेला, हृदयाला यंत्राचा आधार लागलेला रुग्ण खोल गुंगीतच सुरक्षित असतो. रक्तदाब औषधांवर कसाबसा टिकलेला असताना प्रोपोफोल नको, ठोके मंद असताना डेक्समेडेटोमिडीन नको, म्हणून मिडाझोलामकडे वळणारा भूलतज्ज्ञ चूक करत नाही. तो त्या रुग्णाकडे बघून निवड करतो आहे. माझा आक्षेप निवड न करण्याला आहे. वॉर्डाची एक ठरलेली कुपी, एक ठरलेला वेग, सर्वांना सारखा, रात्री नऊला चालू आणि सकाळी राऊंडपर्यंत बंद करायचा नाही, याला वैद्यकीय निर्णय म्हणता येणार नाही. माणूस रात्रीपुरता कुलूपबंद करण्याची ती सोय आहे.

चौथ्या रात्रीची एक गोष्ट सांगायची राहिली. आबा पुन्हा उठून बसले. पुन्हा तेच, लाईट आलीया. त्या रात्रीची परिचारिका आमच्याच बाजूची होती. तिनं अजून बांधलेल्याच असलेल्या पट्ट्या काढल्या, त्यांचा चष्मा शोधून डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाली, "आबा, ही मोटर न्हवं, तुमच्या काळजाचं मशीन हाय. तुम्ही सोलापुरात दवाखान्यात हाय. रानात पोरगं गेलंय दारं धरायला." आबांनी मॉनिटरकडं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "फ्यूज घातलाय न्हवं नीट?" ती म्हणाली, "घातलाय." ते झोपले. त्या रात्री इंजेक्शन लागलं नाही. तोवर आधीच्या औषधांचा अंमलही ओसरला असेल, हे मला मान्य आहे. एका रात्रीवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण चष्मा, ओळखीची भाषा, आपण कुठं आहोत हे सांगणारं कुणीतरी, दिवसा उजेड आणि रात्री अंधार, या गोष्टी भ्रम रोखायला मदत करतात, हे त्या परिचारिकेनं जाणलं होतं आणि संशोधनही तेच सांगतं. त्या पाच मिनिटांना आमच्या बिलात जागा नव्हती.

पुढच्या महिन्यात माझ्या चुलतीची बायपास आहे. मोहोळहून सोलापूर पस्तीसेक किलोमीटर, पहाटेच्या एसटीनं निघायचं ठरलं आहे. तिची पिशवी मी भरली. चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याचे जादा सेल, कवळी, मोठ्या आकड्यांचं घड्याळ. एक कागद लिहिला. त्यावर तिची मशेरी आहे, दहा वर्षांची झोपेची अर्धी गोळी आहे, तिला डाव्या कानानं ऐकू येत नाही हे आहे, आणि दुखत असलं तरी ती सांगणार नाही, हेही आहे. कागदाच्या शेवटी भूलतज्ज्ञांना विचारायचा प्रश्न लिहिला आहे: काकूंना कशानं, किती खोल आणि किती वेळ झोपवणार आहात, आणि ते कशासाठी? हा प्रश्न विचारताना माझा आवाज उद्धट होणार नाही, याची मी काळजी घेईन. पण उत्तर मिळाल्याशिवाय तिथून उठणार नाही. या वेळी सकाळी कुणी 'शांत आहेत' असं म्हणालं, तर किती, हे मी विचारणार आहे.